तिसऱ्या मजल्यावरचे माग

धनसुख शेठच्या खात्यात तिसऱ्या मजल्यावर पाण्याचा माठ होता आणि त्यातलं पाणी कधीच स्थिर नसायचं. चंचल लहानपणी बापाचा डबा घेऊन जायची तेव्हा त्यात डोकावायची. पाण्यावर बारीक गोल उठत, काठाला जाऊन मिटत आणि पुन्हा मधून उठत. बाप बन्सीलाल म्हणायचा, "माग चालतात म्हणून." सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात, आणि खातं हलतं ही गोष्ट उधन्याच्या बाजूला कुणी कुणाला समजावून सांगत नाही.

बन्सीलाल मरण्याआधी पार बहिरा झाला होता. तो गेल्यावर थोरला मुलगा योगराज त्याच मजल्यावर, त्याच मागांवर उभा राहिला. शाळा सोडली त्याबद्दल तो कधी बोलला नाही. नवागामच्या दोन खोल्यांत आई शोभाबाई, तो आणि चंचल. घरात एकानेच शिकायचं असं ठरलं नव्हतं, पण तसं झालं.

चंचल शिकली ती अंग मोडून. कॉलेजात गणित घेतलं. कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये मशीनवर बसायला फार थोडा वेळ मिळायचा, म्हणून ती अख्खा प्रोग्राम घरी कागदावर लिहून न्यायची आणि क्लासमध्ये नुसता उतरवायची. चूक निघाली की कागद घरी आणून चूक शोधायची, मशीनचा वेळ त्यात घालवायची नाही. पुढे रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये एका व्यापाऱ्याकडे लागली. परत आलेला माल, दलाली, हुंड्या या सगळ्याचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम तिने एकटीने लिहिला. व्यापाऱ्याच्या मुनीमाला तो महिनाभर खोटा वाटत होता. महिन्यानंतर त्याने हाताने बेरीज करणं सोडलं.

मग इंटरनेट आलं. अठ्ठ्याण्णव साली रिंग रोडवरच एका माळ्यावर वेबसाइट करून देणारं ऑफिस निघालं, चंचल तिथे गेली. बाकीची पोरं साड्यांचे फोटो चढवायची. चंचलकडे अवघड काम आलं: दुबईच्या किंवा लंडनच्या दुकानदाराने पानावर डिझाइन निवडायचं, किती माल हवा ते लिहायचं, आणि ऑर्डर थेट सुरतेत शेठच्या ऑफिसात कागदावर छापून निघायची. फोन लाइन मधेच तुटली तरी ऑर्डर अर्धी राहता कामा नये. तिने ते केलं. पाठवताना स्वतः वायर उपटून उपटून तपासलं. या कामाचं पहिलं गिऱ्हाईक होतं धनसुख शेठ.

"दगा, आ कोनी छोकरी?" शेठने मुकादमाला विचारलं होतं.

"आपल्या बन्सीलालची, शेठ. योगराजची बहीण," दगा मुकादम म्हणाला. "हिच्या बापाने तुमचं कापड विणलं, ही आता हवेतून विकते."

शेठ खूश झाला. दगाही. योगराज घरी येऊन म्हणाला, "दगाकाका मले आते इंटरनेटवालीना भाऊ म्हनस."

त्याच सुमारास इंजिनिअरिंग कॉलेजातल्या वशी सरांनी तिला बोलावलं. सरांचं संशोधन एकाच गोष्टीवर होतं. माग तळमजल्यावरून वरच्या मजल्यांवर चढले आहेत, इमारती राहण्यासाठी बांधल्यात, आणि मागाचा ठोका दिवसरात्र त्यांना हलवतो आहे. प्रत्येक इमारतीला हलण्याची स्वतःची एक चाल असते. मागाच्या ठोक्याची चाल तिच्याशी जुळली तर हलणं वाढत जातं. किती वाढतं, ते कुणी मोजलेलं नव्हतं. सरांकडे कंपनं मोजणारी पेटी होती. त्या मापांतून मागाचा ठोका वेगळा काढील असा प्रोग्राम लिहिणारं माणूस नव्हतं.

चंचल दुपारपर्यंत वेबसाइटचं काम करायची आणि मग सायकलने कॉलेजात जायची. गणित सरांचं, प्रोग्राम तिचा. सरांनी पहिला निकाल हाताने ताडून पाहिला, जुळला, आणि त्यांनी चहा मागवला. चंचलला त्या चहाचं अप्रूप राहिलं. एवढ्या वर्षांत तिच्या कामासाठी कुणी चहा मागवला नव्हता.

मोजायच्या इमारतींमध्ये धनसुख शेठचं खातं तिनेच सुचवलं. ओळख होती, शेठ नाही म्हणणार नव्हता. दुसरं कारण तिने सरांना सांगितलं नाही. योगराज हल्ली घरी आला की भिंतीला हात टेकवून उभा राहायचा, जमीन थांबायची वाट बघत असल्यासारखा. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या तुळईखाली एक चीर होती. दगाने त्यावर चुना फासला होता. चुन्यावर पुन्हा चीर आली होती.

मोजायला गेले तो दिवस चांगला गेला. शेठने चहा आणि खमण मागवलं. सर तिसऱ्या मजल्यावर उभे राहिले, पेटी खांबाजवळ ठेवली, दगाशी बोलले, योगराजशी बोलले. चंचलने आकडे नीट उतरले का ते पाहिलं. निघताना दगा म्हणाला, "सर, पुन्हा या. आमच्याकडे तुमच्यासारखी माणसं कुठं येतात?"

प्रोग्रामने निकाल दिला तो बरा होता. इमारत हलत होती, पण सरांनी ठरवलेल्या मर्यादेच्या बऱ्याच आत. चंचलने तीनदा चालवून पाहिला. तेच उत्तर. त्या रात्री ती निर्धास्त झोपली. अहवाल गेला, परवानगी देणाऱ्या कचेरीतही गेला, आणि शेठने त्याची एक प्रत मागून घेतली.

ती प्रत त्याने कशाला घेतली हे दिवाळीच्या तोंडावर कळलं. वेबसाइटवरून ऑर्डर वाढत होत्या. शेठला आणखी माग टाकायचे होते. तळमजला भरलेला, पहिला आणि दुसराही भरलेला. तिसऱ्या मजल्यावर भिंतीकडची मोकळी जागा होती. अहवाल म्हणत होता, हरकत नाही.

चंचलला हे योगराजनेच सांगितलं, भाकरी मोडता मोडता. "नवा माग येई राहिनात. पुरी रांग. तुन्या ऑर्डरी, तुनं सर्टिफिकेट."

"मस्करी करू नको, दादा."

"मस्करी काबं? खरंच शे ना."

तिने हातातला घास ताटात ठेवला. तिने विणायला लावलेलं कापड आणि तिने दिलेला भरवसा, दोन्ही त्याच एका फरशीवर जाऊन पडत होते आणि त्या फरशीवर भाऊ उभा होता. निकाल बरोबर असेल तर काही बिघडत नव्हतं. म्हणून तिने निकाल पुन्हा काढायला घेतला. चुकीची शंका आली म्हणून नाही. आता त्यावर जास्त वजन पडणार होतं, एवढंच कारण.

सकाळी कॉलेजात जाऊन तिने मूळ मापं उघडली. प्रोग्राममध्ये सुरुवातीचा तुकडा कापून टाकायची सोय तिनेच केली होती. पेटी उचलताना, ठेवताना धक्के बसतात, ते मापात धरायचे नसतात. सगळे असंच करतात. या वेळी तिने तो तुकडा कापला नाही.

पडद्यावर डोंगर उभा राहिला. पेटी खांबाजवळ ठेवल्यानंतरचा थोडा वेळ मजला भयंकर हलत होता. मागाच्या ठोक्याने, दुसऱ्या कशाने नाही. मग हळूहळू, एकेक पायरी उतरावी तसं, हलणं खाली आलं आणि तिथून पुढे शांत. अहवाल त्या शांत भागावर लिहिला होता.

तिला तो दिवस आठवला, आणि त्या दिवसात काय चुकीचं होतं ते पहिल्यांदाच दिसलं. तिसऱ्या मजल्यावर सर बोलले होते. दगाशी, योगराजशी, हळू आवाजात. आणि सगळ्यांना ऐकू आलं होतं.

संध्याकाळी योगराज हातपाय धूत होता. तिने विचारलं, "दादा, आम्ही मोजायला आलो तेव्हा तुम्ही माग बंद केले होते?"

"मंग?" योगराजला प्रश्नच कळला नाही. "पाहुणा उना तर माग बंद करतस ना वं. सरले ऐकू कसं येतं? दगाकाकानी खूण करी, आम्ही एकेक करी बंद कयात. खांबाजवळनी रांग सगळी."

"मला का नाही सांगितलं?"

"तू तठेच व्हती."

ती तिथेच होती. लहानपणी डबा घेऊन गेली की बाप तिच्याशी बोलायला माग थांबवायचा. शेठचे नातेवाईक आले की थांबायचे, पूजेचे महाराज आले की थांबायचे. माग थांबणं म्हणजे मान. ती त्या मानात वाढली होती, म्हणून सरांबरोबर गेली तेव्हा तिच्या कानांना शांतता खटकली नाही. सरांना खटकायचं कारण नव्हतं, त्यांना वाटलं मजला असाच असतो.

शोभाबाई चुलीपुढून म्हणाली, "काय व्हयनं? आते तरी जेव."

"दादा, तू त्या मजल्यावर जाऊ नको."

योगराज हसला. मग तिचं तोंड बघून हसायचा थांबला. "दिवाळीनंतर लाभपाचमले खातं उघाडाना मुहूर्त शे," तो म्हणाला. "मुहूर्ताला जो हात लावत नाही, त्याला शेठ वर्षभर माग देत नाही. तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं.

वशी सर भले माणूस होते. तिने डोंगर दाखवला तेव्हा ते म्हणाले, "चूक माझी. मी खात्री करायला हवी होती." त्याच दिवशी त्यांनी कचेरीला पत्र लिहिलं, अहवाल मागे घेतो म्हणून. कचेरीत साहेब दिवाळीच्या रजेवर होते. मग दोघं शेठकडे गेले आणि पुन्हा मोजायची परवानगी मागितली.

शेठ चिडला नाही. तेच वाईट होतं. "जरूर मोजो ने," तो म्हणाला. "लाभपाचमला या. सगळे माग चालू असतील, जुने-नवे सगळे. पेढा खा, मोजा, जा. पण मशीन आले आहेत बेन, ते पाछा नही जाय."

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "हे बरंच झालं. पूर्ण भाराखाली माप मिळेल."

चंचल म्हणाली, "सर, मुहूर्त कसा करतात ते तुम्ही पाहिलंय?"

सरांनी पाहिलं नव्हतं. एरवी माग एकेक करून सुरू होतात, प्रत्येकाचा ठोका आपापल्या वेळी पडतो, एकाचं हलणं दुसरा खातो. मुहूर्ताला सगळ्यांची हँडलं आधीच लावून ठेवतात आणि शेठ जिन्यातला मेन स्विच वर करतो. अख्खा मजला एका दमात उठतो. तो एकत्र ठोका फुटून वेगवेगळा व्हायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ इमारतीने काढला पाहिजे.

दिवाळीत नवागाम रिकामं झालं. लोक अमळनेरकडे, शिरपूरकडे गावाला गेले. हे तिघं गेले नाहीत. खातं बंद होतं. चंचल एकदा त्या गल्लीतून सायकलने गेली. इमारत कधी नव्हे ती गप्प उभी होती. तिला ती नुसती जुनी इमारत वाटली. हलत असताना ती कशाने उभी होती?

लाभपाचमला दगाने तिसरा मजला सजवला होता. दाराला आसोपालवाच्या पानांचं तोरण, प्रत्येक मागावर झेंडू, नव्या मागांवर कुंकवाची स्वस्तिकं. महाराज आले. कारागीर आंघोळी करून, नवे शर्ट घालून आपापल्या मागांपुढे उभे. योगराज बापाच्या जागी. सरांनी पेटी खांबाजवळ ठेवली, चंचलने पेटीला जोडलेल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर मर्यादेची रेघ आखली.

"दगाकाका," ती म्हणाली, "काही वेडंवाकडं दिसलं तर आज माग लगेच बंद करायला सांगा."

"अगं पोरी, मुहूर्ताला कुणी बंद करतं का? पहिलं वीतभर कापड उतरेपर्यंत हात लावायचा नाही," दगा म्हणाला. "तू पेढा घे."

शेठने जिन्यात जाऊन स्विच वर केला.

आवाज कानात शिरला नाही, पायांतून वर आला. चंचलच्या दाढा एकमेकींवर वाजल्या. पडद्यावरचा पट्टा उठला, रेघेला टेकला, रेघ ओलांडून गेला आणि थांबेना. माठाचं झाकण सरकत सरकत कडेला आलं आणि पडलं, त्याचा आवाजही झाला नाही. सरांनी दोन्ही हात वर केले, "बंद करा, बंद करा!" ते काय ओरडतायत कुणाला ऐकू आलं नाही, पण खूण सगळ्यांना कळली. पाहुण्याला शांतता हवी आहे. कारागिरांचे हात सवयीने हँडलाकडे गेले. मग त्यांनी दगाकडे पाहिलं. दगाने मान हलवली, नाही. हात खाली आले.

शेठ दारात हसत उभा होता. चंचल त्याच्या अंगावरून जिन्यात गेली आणि स्विच खाली ओढला.

शांततेत फरशी अजून हलत होती. सगळ्यांना ते पायांत कळलं. मग नव्या रांगेवर वरून काहीतरी सुटलं. तुळईखालचा गिलावा, दोन हातांत मावणार नाही एवढा, मागावर पडला आणि झेंडूंवर पांढरी धूळ बसली. जिथून तो सुटला तिथे लोखंडाची सळई दिसत होती, गंजून लाल झालेली.

"हे बघा शेठ," सर म्हणाले. त्यांनी सळईकडे बोट दाखवलं. "हा मजला आज रिकामा करा."

शेठने वर पाहिलंच नाही. तो चंचलकडे बघत होता. "लाभपाचमना दिवसे," तो हळू म्हणाला, "मारा घरमां, तें मशीन बंद कर्युं."

"शेठ, सळई बघा."

"प्लास्टर छे. कडिया येईल, पुन्हा गिलावा थापील. अपशकुन कोण भरून देणार?"

योगराज आपल्या मागापासून बाजूला झाला. नव्या शर्टावरची धूळ झटकली आणि बहिणीजवळ येऊन उभा राहिला. त्याच्या मागे नवागामचे काही जण आले. काही आले नाहीत. दगा हात जोडून शेठची माफी मागत होता. कुणाच्या वतीने, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी वेबसाइटच्या ऑफिसात चंचलला सांगण्यात आलं की धनसुख शेठचं काम आता दुसरं कुणी बघेल, तिचं बाकीचं कामही बघेल, तिने यायची गरज नाही. सर कचेरीत जाऊन बसले, साहेबांची वाट बघत. योगराजला घरात बसवेना. तो कपडे आणि डबा वर राहिलेत म्हणून निघाला. शोभाबाईने चंचलला डोळ्याने खुणावलं आणि ती त्याच्यामागे गेली.

गल्लीच्या तोंडाशीच ऐकू आलं. खातं चालू होतं. तळमजला, पहिला, दुसरा, आणि वरून तिसरा. दारातल्या चहावाल्याने सांगितलं, दगाने सकाळी पांडेसऱ्याहून ओरिसाचे कारागीर आणलेत, गरजू माणसं, कालचं त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. कडिया अजून यायचा आहे.

चंचल इमारतीच्या सावलीत उभी राहिली. जे वाचवायचं म्हणून तिने हे सगळं केलं होतं ते तिच्या शेजारी, जमिनीवर, धडधाकट उभं होतं. ती त्याचा हात धरून घरी नेऊ शकत होती. सर कचेरीत होते. साहेब आज ना उद्या येणार होते.

योगराज मान वर करून ऐकत होता. एवढ्या मागांच्या आवाजात तो एकच आवाज शोधत होता.

"मना माग चालू शे," तो म्हणाला. "हात नवा शे."

"दादा, चल घरी."

"त्या नव्या कारागीरले खाले लई येस." तो निघालासुद्धा. मग थांबून, वळून न बघता म्हणाला, "त्याला तुझी भाषा कळणार नाही, माझी पण नाही. पण तू स्विच बंद केला होता तो कुठंय, ते तुला माहीत आहे."

जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिने कठड्याला हात लावला. कठडा कापत होता. तिने हात काढून घेतला आणि भावाच्या मागे चढू लागली.